एक मुजरा आणि एक माफीपत्र

दरवर्षी ११ मार्चला आपल्या शाळेत श्रीमंत सयाजीराव महाराज गायकवाड (तिसरे) यांची जयंती साजरी होते. तसबिरीला हार घातला जातो, दोन-तीन विद्यार्थी भाषणे करतात आणि त्यांपैकी एक तरी भाषण दिल्ली दरबाराच्या गोष्टीवर येऊन थांबते. महाराजांनी इंग्रज बादशहाला पाठ दाखवली आणि हातातली छडी फिरवत ते ऐटीत निघून गेले, असे सांगितले की सभागृहात टाळ्या पडतात. टाळ्या आम्हीही वाजवल्या आहेत. गेल्या खेपेला मात्र कार्यक्रम आटोपल्यावर सातवीतली एक मुलगी आमच्याकडे आली आणि तिने विचारले, की मग महाराजांनी नंतर माफी का मागितली? तिने ते कुठेतरी वाचले होते. आम्ही घाईघाईत काहीतरी उत्तर दिले. तिचे समाधान झाले नाही हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होते, आणि खरे सांगायचे तर आमचेही झाले नव्हते. तेव्हा त्या प्रश्नासाठी महाराजांचे चरित्र पुन्हा एकदा उघडून बसलो. जे हाती लागले ते या अंकात देत आहोत.

नाशिक जिल्ह्यातल्या मालेगावजवळ कवळाणे नावाचे गाव आहे. तेथे गायकवाडांची एक दूरची शाखा शेती करून राहत होती. काशीराव गायकवाडांच्या घरी ११ मार्च १८६३ रोजी एक मुलगा जन्मला, त्याचे नाव गोपाळ. बारा वर्षांचा होईपर्यंत त्याला अक्षरओळख नव्हती. गुरे, शेत, भावंडे एवढेच त्याचे जग. इकडे बडोद्यात १८७५ साली मल्हारराव महाराजांना गादीवरून दूर करण्यात आले. रेसिडेंट कर्नल फेअर यांच्यावर विषप्रयोग केल्याचा आरोप त्यांच्यावर होता. चौकशी मंडळात दुफळी झाली आणि आरोप काही सर्वमान्य झाला नाही. तरीही गैरकारभाराचे कारण देऊन सरकारने त्यांना पदच्युत केले. दिवंगत खंडेराव महाराजांच्या पत्नी जमनाबाईसाहेब यांना दत्तक घेण्याची परवानगी मिळाली आणि कवळाण्याहून काही मुले बडोद्याला आणली गेली.

पुढची गोष्ट तुम्हा सर्वांना पाठ आहे. मुलांना विचारले, की तुम्ही येथे कशासाठी आलात. एकाला उत्तर सुचले नाही, दुसऱ्याने शहर पाहायला आल्याचे सांगितले, आणि गोपाळने आपण राज्य करायला आलो आहोत असे धीटपणे सांगितले. ही गोष्ट जशीच्या तशी घडली की नंतर रंगली, यावर वाद घालण्यात अर्थ नाही. आम्हाला त्यात एक बारीक गंमत दिसते. बारा वर्षांच्या मुलाला राज्य म्हणजे काय हे ठाऊक असण्याचा संभव नाही. पण समोरच्या मोठ्या माणसांना आपल्याकडून काय ऐकायचे आहे, हे त्याने नेमके ओळखले असावे. २७ मे १८७५ रोजी दत्तकविधान झाले आणि गोपाळचा सयाजीराव झाला.

त्यानंतर सहा महिन्यांच्या आत, नोव्हेंबर १८७५ मध्ये, इंग्लंडचे युवराज, म्हणजे पुढचे सातवे एडवर्ड, हिंदुस्थानात आले. त्यांच्या स्वागताला हा बारा वर्षांचा राजा मुंबईला गेला. बडोद्याचा जडजवाहीर जगप्रसिद्ध होता. खंडेरावांनी मोत्यांची चादर विणवून घेतली होती, मल्हाररावांनी सोन्याच्या तोफा ओतवल्या होत्या, आणि दक्षिणेचा तारा या नावाने ओळखला जाणारा मोठा हिरा याच खजिन्यात होता. त्या खजिन्यातून काढलेले हार, शिरपेच, तुरे या लहानग्या अंगावर चढवले गेले. सोबत आलेल्या इंग्रज बातमीदारांनी त्या झगमगाटाची वर्णने आपापल्या पत्रांना रसभरित लिहून पाठवली. आत बसलेल्या मुलाला काय वाटत होते, हे त्यांतल्या कुणी विचारले नाही. वर्षापूर्वी तो गुरांमागे फिरत होता. आता त्याला कळले, की आपल्याकडे पाहिले जाणे हेच आपले पहिले काम आहे. १ जानेवारी १८७७ च्या दिल्लीतल्या मेळाव्यालाही त्याला नेले गेले. व्हिक्टोरिया राणीला कैसर-ए-हिंद हा किताब जाहीर झाला तो हाच मेळावा. त्याच वेळी सयाजीरावांना फर्जंद-ए-खास-ए-दौलत-ए-इंग्लिशिया ही पदवी मिळाली. इंग्रजी दौलतीचा खास पुत्र, असा तिचा अर्थ. पुढे पस्तीस वर्षांनी घडलेला प्रकार वाचताना ही पदवी विसरू नये.

अभ्यास मात्र खरा होता. एलियट नावाचे इंग्रज अधिकारी शिक्षक म्हणून नेमले गेले. मराठी, गुजराती, उर्दू आणि इंग्रजी या चार भाषा या मुलाला एकदमच शिकायच्या होत्या. आपल्या वर्गातली जी मुले दोन भाषांनी दमतात त्यांनी हे लक्षात घ्यावे. दिवाण सर टी. माधवराव यांनी राज्यकारभार कसा चालतो याची व्याख्याने दिली. २८ डिसेंबर १८८१ रोजी अठरा वर्षांच्या सयाजीरावांच्या हाती पूर्ण अधिकार आले. त्या समारंभाच्या सुमारास राजा रविवर्मा बडोद्यात आले आणि त्यांनी महाराजांचे चित्र काढले. ते चित्र पाहिले तर राजा कसा दिसावा याबद्दल शंकेला जागाच राहत नाही.

इथे आम्हाला एक प्रामाणिक कबुली द्यावीशी वाटते. सयाजीरावांना साधेपणाचे पुतळे बनवून आपण भाषणे करतो, ते पूर्ण खरे नाही. लक्ष्मीविलास राजवाडा त्यांनीच बांधून घेतला. मेजर मँट यांनी आराखडा केला, त्यांच्या मृत्यूनंतर चिझम यांनी काम पुरे केले, आणि १८९० मध्ये तो तयार झाला. एवढा मोठा वाडा कुणी केवळ राहण्यासाठी बांधत नाही. तो पाहणाऱ्यासाठी असतो. बडोदे हे गावंढळ संस्थान नाही, ते कुणाच्याही बरोबरीने उभे राहू शकते, हे गोऱ्या पाहुण्याला दारातच कळावे अशी त्यामागे योजना होती.

पण याच वर्षांत आजव्याच्या तलावाचे काम चालले होते. तेथून नळाने शहराला पाणी आणले गेले. नळ जमिनीखाली असतात. तो पाहायला कुणी युवराज येत नाही. राजवाडा आणि नळ ही दोन्ही कामे एकाच माणसाची आहेत, आणि त्यातले एक खरे व दुसरे खोटे असे म्हणण्याची आमची तयारी नाही. महाराजांचे दिवसाचे वेळापत्रक पाहिले तर जास्त वेळ कुठे जात होता हे कळते. कागद स्वतः वाचायचा, समासात शेरा मारायचा, खुलासा मागवायचा, पुन्हा वाचायचा. या सवयीने त्यांची झोप गेली, तब्येत ढासळली आणि १८८७ पासून युरोपच्या वाऱ्या सुरू झाल्या. समुद्र ओलांडला म्हणून घरच्यांनी व शास्त्रीमंडळींनी केलेली कुरकुर वेगळीच.

शिक्षणाचे उदाहरण घेऊ, कारण ते आपल्या शाळेला जवळचे आहे. १८९३ मध्ये महाराजांनी सक्तीचे आणि मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केले. कुठे? राजधानीत नव्हे. काठेवाडातल्या अमरेली भागात, थोड्याशा गावांत. तेथे इंग्रज पाहुणे फिरकत नसत, वर्तमानपत्रांचे बातमीदार नसत. नाव मिळवायचे असते तर बडोद्यातच मोठा समारंभ करून ते सुरू करता आले असते. सक्ती लोकांना पचते का, शिक्षक मिळतात का, मुलीचे वय कुठवर धरायचे, शेतीच्या हंगामात काय करायचे, हे तेथे तपासून पाहिले आणि मग १९०६ मध्ये सगळ्या राज्यात योजना लागू केली. १९११ साली नामदार गोखल्यांनी वरिष्ठ कायदेमंडळात सक्तीच्या शिक्षणाचे विधेयक आणले, तेव्हा बडोद्याचा दाखला हाताशी होता. तरी ते विधेयक पुढच्या वर्षी नामंजूर झाले.

अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजाच्या मुलांसाठी शाळा त्याआधीच, १८८० नंतरच्या पहिल्या वर्षांत निघाल्या होत्या. तेथे शिकवायला सवर्ण हिंदू शिक्षक मिळेनात, म्हणून मुसलमान शिक्षक नेमावे लागले. पुढे आर्यसमाजाचे पंडित आत्माराम यांना पंजाबातून आणले. अमेरिकेतल्या वाचनालयांची व्यवस्था पाहून आल्यावर महाराजांनी १९१० मध्ये बॉर्डन नावाच्या तज्ज्ञ ग्रंथपालांना बोलावून घेतले. मध्यवर्ती ग्रंथालय, गावोगावची वाचनालये, आणि पेट्यांतून खेडोपाडी जाणारी फिरती ग्रंथालये ही त्या कामाची फळे. आपल्यापैकी काहींच्या आजोबांनी अशी पेटी उघडताना पाहिली आहे. १९०८ मध्ये बँक ऑफ बरोडा निघाली. कलाभवन, बालविवाहाला आळा घालणारा १९०४ चा कायदा, न्यायखाते कारभारापासून वेगळे करणे, ही यादी लांबवता येईल. पण यादीसाठी हा लेख नाही.

प्रश्न असा, की इंग्रज सरकारला महाराज नक्की कसे दिसत होते? उत्तर सोपे आहे: संशयास्पद. १८९३ ते १९०६ पर्यंत अरविंद घोष बडोद्याच्या नोकरीत होते. वंगभंगानंतर ते बंगालमध्ये गेले आणि पुढे काय झाले हे इतिहासाच्या पुस्तकात आहे. लॉर्ड कर्झन यांना राजेलोकांचे परदेशी जाणे आवडत नसे, आणि १९०० साली त्यांनी त्यावर निर्बंध घालणारे परिपत्रक काढले. सयाजीरावांना तो अपमान वाटला. गंगनाथ विद्यालयात काका कालेलकरांसारखे राष्ट्रीय वृत्तीचे तरुण शिकवत होते. ते विद्यालय सरकारी दडपणामुळे १९११ च्या सुमारास बंद पडले. महाराणी चिमणाबाईसाहेब तर मनातले बोलून दाखवण्यात पतीपेक्षाही पुढे होत्या. त्याच १९२७ मध्ये अखिल भारतीय महिला परिषदेच्या पहिल्या अध्यक्ष झाल्या. या साऱ्यामुळे बडोद्यात काहीही झाले तरी त्यामागे काहीतरी आहे, असे पाहण्याची रेसिडेन्सीला सवय जडली होती. आपल्या मनात काय आहे यापेक्षा आपल्याबद्दल समोरच्याने आधीच काय ठरवले आहे, यावर आपल्या कृतीचा अर्थ कसा लागतो, हे पुढे पाहायचे आहे.

घरातही त्या वर्षांत शांतता नव्हती. थोरले चिरंजीव फत्तेसिंहराव १९०८ मध्ये ऐन तारुण्यात गेले. कन्या इंदिराराजे यांचा विवाह ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांशी ठरला होता. दिल्ली दरबाराच्या गर्दीतच त्यांची कूचबिहारच्या जितेंद्र नारायण यांच्याशी भेट झाली, आणि त्यांनी स्वतः पत्र लिहून ग्वाल्हेरचे लग्न मोडले. १९१३ मध्ये लंडनला त्यांचा विवाह झाला तेव्हा आईवडील तेथे नव्हते. जगाला सुधारणा शिकवणाऱ्या राजाला स्वतःच्या मुलीची निवड लगेच पचली नाही. हेही सांगायला हवे.

आता दरबार. १२ डिसेंबर १९११. दिल्लीबाहेरच्या मैदानात मंडप, त्यात सिंहासनावर पंचम जॉर्ज आणि राणी मेरी. समोर हजारोंचा जमाव, पलटणी, आणि संस्थानिक एकामागून एक येऊन मुजरा करणार. क्रम मानाप्रमाणे. पहिले हैदराबादचे निजाम, दुसरे बडोद्याचे गायकवाड, तिसरे म्हैसूरचे महाराज. नियम असा, की पुढे जायचे, तीनदा लवून वंदन करायचे आणि राजाराणीकडे पाठ न करता मागे सरकत जायचे. पूर्ण दरबारी पोशाख आणि मानचिन्हे अंगावर हवीत.

सयाजीराव पुढे आले ते साध्या पांढऱ्या पोशाखात. हातात छडी होती. अंगावरचे जवाहीर त्यांनी आयत्या वेळी उतरवून ठेवले होते की मुळात घातलेच नव्हते, याबद्दल सांगणाऱ्यांत एकमत नाही. त्यांनी एकदा वंदन केले, एक-दोन पावले मागे सरकले, आणि मग वळून चालत गेले. बस्स, एवढेच. सगळा प्रकार काही क्षणांत आटोपला. आदल्या दिवशीच्या रंगीत तालमीला ते स्वतः हजर नव्हते, असे चरित्रकार नोंदवतात.

मैदानात बसलेल्या बहुतेकांना काही जाणवलेही नसेल. पण इंग्रजी वर्तमानपत्रांना जाणवले. पुढच्या काही दिवसांत गवगवा सुरू झाला, की गायकवाडांनी मुद्दाम राजाचा अपमान केला. राजद्रोहाच्या जुन्या संशयाला आता पुरावा मिळाला. महाराजांनी व्हाइसरॉय लॉर्ड हार्डिंग यांना पत्र लिहिले. एवढ्या मोठ्या सभेपुढे आणि राजाराणीपुढे आपला गोंधळ उडाला, पुढे गेलेल्या निजामांनी काय केले ते आपल्याला नीट पाहता आले नाही, अपमानाचा हेतू मुळीच नव्हता, आणि चूक झाली त्याबद्दल क्षमा असावी, असा पत्राचा आशय होता. ते पत्र वर्तमानपत्रांत छापून आले. म्हणजे खाजगी खुलासा जाहीर झाला.

पण प्रकरण त्यावर मिटले नाही, कारण दरबाराचे चलच्चित्रण झाले होते. बोलपट यायला अजून बरीच वर्षे होती. ते मूक फिती. १९१२ च्या आरंभी लंडनच्या चित्रगृहांतून त्या दाखवल्या गेल्या, आणि गायकवाड पडद्यावर आले की प्रेक्षक हुर्यो करू लागले. त्याआधी असा प्रसंग घडला असता तर हजर असलेल्यांच्या सांगण्यावर विषय संपला असता. आता तेच काही क्षण पुन्हा पुन्हा पाहता येऊ लागले, आणि जो तो आपल्या मनातला अर्थ त्यात पाहू लागला. त्या चित्रणाचे काही तुकडे आजही टिकून आहेत. आम्ही पाहिले. खरे सांगतो, त्यात फारसे काही कळत नाही. दुरून घेतलेले चित्र, भराभरा चालणारी माणसे. एक माणूस येतो, लवतो, वळतो. ज्याला उद्दामपणा पाहायचा त्याला उद्दामपणा दिसेल, ज्याला गोंधळ पाहायचा त्याला गोंधळ दिसेल. ज्याला देशाभिमान पाहायचा आहे त्याला तो दिसेल, आणि गेली कित्येक वर्षे जयंतीच्या भाषणांतून आपण तेच पाहत आलो.

मग खरे काय? आम्हाला वाटते ते असे. पोशाख अजाणता झाला हे पटण्यासारखे नाही. बारा वर्षांचे असल्यापासून जो माणूस जवाहिरात मढवून पाहुण्यांपुढे उभा केला गेला, त्याला दरबारात काय घालायचे असते हे कुणी सांगायची गरज नव्हती. १८७५ मध्ये त्याच्या अंगावर काय चढवायचे ते इतरांनी ठरवले. १९११ मध्ये काय चढवायचे नाही ते त्याने ठरवले. या निवडीत मानी मनाचा निश्चय आहे. पाठ फिरवणे मात्र आम्हाला मुद्दाम केलेले वाटत नाही. संस्थान पणाला लावून, आणि शाळा, ग्रंथालये, नळ, बँक, सगळे पणाला लावून दोन पावलांची गंमत करावी इतके उथळ ते नव्हते. मल्हाररावांचे काय झाले हे त्यांच्याइतके कुणाला ठाऊक होते? त्यांची स्वतःची गादीच त्या घटनेतून मिळालेली होती. अपमान करायचा नव्हता, पण फार नम्र दिसायचेही नव्हते. तालमीला न जाण्यात, छडी बरोबर घेण्यात तो अर्धवट विचार दिसतो. अर्धवट विचाराने केलेल्या गोष्टी हातून निसटतात. आमचे हे मत काही विश्वस्त मंडळींना रुचणार नाही याची कल्पना आहे, आणि दुसरे मत सप्रमाण लिहून आले तर पुढच्या अंकात जागा आहे.

माफीपत्राबद्दलही दोन बाजू होत्या. दरबारातल्या कृतीने ज्यांची छाती फुगली होती, त्यांना पत्र वाचून वाईट वाटले. राजा वाकला, असे त्यांना वाटले. आम्हाला त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर इथे सापडते, निदान अर्धे. पत्राने महाराजांची प्रतिमा दोन्हीकडे मलिन झाली. इंग्रजांचा विश्वास बसला नाही आणि आपल्या लोकांचा हिरमोड झाला. केवळ लोकांच्या नजरेतले स्थान सांभाळायचे असते तर गप्प बसणे फायद्याचे होते. निदान एका बाजूची वाहवा कायमची पदरात पडली असती. ते गप्प बसले नाहीत. राज्य हातात ठेवण्यासाठी तेवढी किंमत मोजायची त्यांनी ठरवले.

आणि राज्य हातात ठेवून काय केले? दरबारानंतर दीड वर्षाने, १९१३ च्या उन्हाळ्यात, बडोद्याची शिष्यवृत्ती घेऊन एक तरुण न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेला. भीमराव रामजी आंबेडकर. त्याआधी मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयात शिकतानाही महाराजांकडून त्यांना दरमहा २५ रुपये मिळत होते. या गोष्टीला टाळ्या देऊन थांबू नये, कारण पुढचा भाग कडू आहे. करारानुसार डॉ. आंबेडकर १९१७ मध्ये बडोद्याच्या नोकरीत रुजू झाले. शहरात त्यांना राहायला जागा मिळेना. पारशी नाव सांगून ते एका पारशी धर्मशाळेत राहिले. ते उघडकीस येताच लाठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले. कचेरीत शिपाई त्यांच्या टेबलावर कागद लांबून टाकत. महाराजांना अर्ज केला तो दिवाणांकडे गेला, आणि दिवाणांना काही करता आले नाही. कमाटीबागेत झाडाखाली बसून त्यांनी आसवे गाळली आणि ते मुंबईला परतले. आज त्या जागेला संकल्पभूमी म्हणतात. आपल्या सहली तेथे जातात तेव्हा मुलांचे लक्ष प्राणिसंग्रहालयाकडे असते; ते स्वाभाविक आहे, पण शिक्षकांनी दहा मिनिटे झाडाखालीही द्यावीत.

राजाचा हेतू शुद्ध होता यात शंका नाही. पैसे दिले, शिकवले, नोकरी दिली. पण हेतू राजवाड्यापासून कचेरीपर्यंत पोहोचेतो विरून गेला. बडोद्याची सुधारलेले संस्थान म्हणून जगभर ख्याती होती, परदेशी पाहुणे येऊन स्तुती करत होते, आणि त्याच शहरात राज्याच्या उच्चशिक्षित अधिकाऱ्याला एक खोली मिळत नव्हती. ख्यातीवर विश्वास ठेवून सारे निर्धास्त राहिले की काय, असा प्रश्न आम्हाला पडतो. महाराजांना स्वतःला तो पडला असेल का, हे सांगणारा कागद आमच्या वाचनात नाही. आंबेडकरांनी मात्र महाराजांच्या मदतीबद्दलची कृतज्ञता सोडली नाही.

उरलेले आयुष्य थोडक्यात सांगतो. पहिल्या महायुद्धात बडोद्याने सरकारला भरघोस मदत केली. १९१९ मध्ये महाराजांना नवी पदवी मिळाली, आणि ज्या सरकारने संशयाने पाहिले त्यानेच आता सलोखा केला. १९१९ मध्येच शिवाजीराव आणि १९२३ मध्ये जयसिंहराव हे पुत्र गेले. १९२६ मध्ये राज्यारोहणाच्या पन्नास वर्षांचा सुवर्णमहोत्सव झाला. १९३० नंतर लंडनच्या गोलमेज परिषदेला ते गेले, तेथे डॉ. आंबेडकरही होते. १९३१ मध्ये बडोद्यात घटस्फोटाचा कायदा झाला. हिंदू समाजात त्या काळी ही केवढी धिटाई होती याची आजच्या वाचकाला कल्पना यायची नाही. ६ फेब्रुवारी १९३९ रोजी मुंबईत महाराजांचे निधन झाले. नातू प्रतापसिंहराव गादीवर आले.

कमाटीबागेजवळ महाराजांचा अश्वारूढ पुतळा आहे, ज्याला सारे शहर काळा घोडा म्हणते. राजाचे नाव मागे पडून घोड्याचे पुढे यावे, याचे आम्हाला लहानपणी हसू यायचे. रिक्षावाल्याला सयाजीरावांचा पुतळा सांगितले तर तो दोनदा विचारतो, काळा घोडा म्हटले की लगेच निघतो. दरबाराच्या आधीच, १९०७ च्या सुमारास, हा पुतळा तयार झाला. त्यात महाराज घोड्यावर ताठ बसले आहेत, पोशाख पूर्ण आहे, आणि ते समोर पाहत आहेत.

सातवीतल्या त्या मुलीने, ती आता आठवीत आहे, हा लेख छापायला जाण्याआधी वाचला. उद्दामपणा नव्हता आणि घाबरणेही नव्हते हे तिला पटले. पण तिचा आणखी एक प्रश्न आहे. आंबेडकरांचा अर्ज दिवाणांकडे न पाठवता महाराजांनी स्वतः धर्मशाळेच्या दारात जाऊन उभे राहायला काय हरकत होती? येत्या ११ मार्चच्या भाषणासाठी तिने नाव दिले आहे आणि विषयाच्या रकान्यात हाच प्रश्न लिहिला आहे.